दानाचा हात आणि कमाईचा जाब

१८७० साली जलंब ते खामगाव ही जेमतेम काही मैलांची रेल्वे सुरू करायला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय जातीने खामगावात आला होता. लॉर्ड मेयो त्याचे नाव, डब्लिन त्याचे जन्मगाव. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस आला, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि वऱ्हाडातली काळी जमीन इंग्रजांच्या डोळ्यांत भरली होती. खामगाव ही तेव्हा कापसाची मोठी पेठ. गाठी बांधायच्या, वाघिणीत भरायच्या आणि मुंबई बंदराला लावायच्या, यासाठी तो लोहमार्ग होता. कास्तकाराच्या दारी आलेली ही रेल्वे त्याचा माल न्यायला आली होती.

मेयोच्या जन्मगावी त्याच सुमाराला गिनेस घराण्याची दौलत नव्या पिढीच्या हाती येत होती. आर्थर गिनेसने १७५९ साली वर्षाला ४५ पौंड भाड्याने, तब्बल ९,००० वर्षांच्या कराराने, डब्लिनमधली एक जुनी भट्टी घेतली. तिथे होणाऱ्या काळ्या बिअरने पुढच्या शंभर वर्षांत घराण्याला आयर्लंडमधले सर्वांत श्रीमंत बनवले. १८६८ मध्ये बेंजामिन गिनेस वारला आणि कारखाना आर्थर व एडवर्ड या दोन मुलांकडे आला. आदल्याच वर्षी इंग्रजी सत्तेविरुद्धचा फेनियन क्रांतिकारकांचा उठाव चिरडला गेला होता. १८४५ च्या दुष्काळाची जखम ओली होती, आणि डब्लिनच्या चाळींत एकेका खोलीत अख्खी कुटुंबे कोंबलेली होती. गिनेस मंडळी राजकारणात इंग्लंडच्या बाजूची. भोवतालच्या असंतोषाला त्यांनी उत्तर दिले ते दानाने.

ते दान खोटे नव्हते. बेंजामिनने पडायला आलेले सेंट पॅट्रिक कॅथेड्रल स्वखर्चाने उभे केले. त्याचा थोरला मुलगा आर्थर याने सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग १८८० मध्ये सर्वांना खुली करून दिली. एडवर्डने गरिबांच्या घरांसाठी न्यास काढला आणि शहरातली गलिच्छ वस्ती हटवून तिथे नव्या चाळी उठवल्या. कारखान्यातल्या कामगारांना निवृत्तिवेतन मिळे, डॉक्टर मिळे. ज्या शहरात मजुराला उद्याची शाश्वती नव्हती, तिथे ही नोकरी म्हणजे भाग्यच. पण १८९० च्या त्या न्यासातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. एडवर्डने दिलेल्या अडीच लाख पौंडांपैकी दोन लाख लंडनच्या गरिबांसाठी होते आणि पन्नास हजार डब्लिनच्या. कुठल्या गरिबाला किती, हे ठरवणारा एकच माणूस होता. त्याला विचारणारे कोणी नव्हते.

श्रीमंताने दान करावे की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. जरूर करावे. पण किती दिले, हे विचारून आपण थांबतो. कमाई कशातून झाली, तिचा भार कोणी सोसला आणि वाटपाचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न मग मागे पडतात. निर्णय देणाऱ्याच्या मुठीत राहिला की घेणारा कायमचा याचक राहतो.

वऱ्हाडात गिनेससारखे एकच घराणे नव्हते, घडण मात्र ओळखीची होती. कापसाने पेढ्या आणि जिनिंग-प्रेसिंगचे मालक गबर झाले. ज्वारीच्या वावरात कापूस शिरला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात नगदी पिकाच्या या मुलुखात माणसे अन्नावाचून मेली. सरकारचा आणखी एक हुकमी पैसा अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, होता. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच पुण्यात वाढत्या दारूदुकानांना हरकत घेतली होती. टिळकांच्या अनुयायांनी १९०८ मध्ये पुण्याच्या गुत्त्यांवर निरोधन केले. टिळकांच्याच होमरूल लीगच्या कक्षेत १९१६ पासून वऱ्हाडही होता. होमरूल ही मागणी आयर्लंडची, गिनेस घराण्याने विरोध केलेली. तिचा अर्थ खामगावच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. आपल्या घामाच्या पैशाचे काय करायचे, ते आपण ठरवू, एवढाच तो अर्थ.

हा अर्थ अजून पुरता वसूल झालेला नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मिळाले. त्यांत बुलढाणा होता. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, हे त्यामागचे सांगितलेले कारण. परवाने मिळालेल्यांत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची घराणी निघाली. डॉ. अभय बंग, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला, तेव्हा कुठे नव्या परवान्यांना आळा बसला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे नाव पुढे करून भट्टीला सरकारी मदत देणे, याची मला आजही चीड येते.

आज तर खुद्द शासनच गिनेसच्या जागी उभे आहे. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपयांची जादा भर पडेल, असा अंदाज सांगितला गेला. त्याच वेळी धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला वाट करून दिली. आणि हेच शासन २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये टाकते. ते पैसे बाईच्या हक्काचे आहेत, त्यावर मी बोट ठेवणार नाही. पण नांदुऱ्याच्या किंवा मेहकरच्या एखाद्या मजुरीच्या घरात नवऱ्याची हजेरी दुकानात जाते आणि त्या दुकानाचा कर तिजोरीत जातो. मग तिजोरीतून थोडे तिच्या हाती परत येते, उपकार म्हणून. हे चक्र फिरवणारे हात मात्र तिचे नाहीत.

यावर सरसकट दारूबंदी हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी आहे, तरी तिथे दारू मिळते, हे सारेच जाणतात. पण आपल्या कायद्यात एक लहानशी वाट आहे: आडवी बाटली. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होते. मेख पुढे आहे. हे बहुमत मतदान करणाऱ्यांचे धरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांचे धरतात. कामासाठी परगावी गेलेली बाई, बाळंतीण, वारलेली पण यादीत राहिलेली म्हातारी, या साऱ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. आमदाराच्या निवडणुकीला आपण असा नियम कधी सोसला असता का?

निर्णय खऱ्या अर्थाने लोकांचा करायचा असेल तर सुरुवात इथून करता येईल. बहुमत मतदान करणाऱ्या महिलांचे धरा. नवा परवाना देण्याआधी ग्रामसभेत महिलांचा कौल घ्या. तालुक्यातून अबकारीचे किती उत्पन्न झाले आणि त्यातले व्यसनमुक्तीवर किती खर्चले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ज्याचे जळते त्याला कळते, तर ज्यांच्या घरात जळते त्यांचे मत आधी मोजले पाहिजे. श्रीमंताने आणि सरकारने दान जरूर करावे. पण कमाईचा जाब द्यायची तयारी असेल, तरच त्याला दान म्हणावे.