जंतूंवरचा सरसकट खटला

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीला जाणारी फेरीबोट लागेपर्यंत जे प्रवासी ताटकळत उभे असतात, त्यांच्यासमोर ओहोटीच्या वेळी राजपुरीच्या खाडीचा काठ उघडा पडतो, तिवरांच्या मुळांभोवतीचा काळाकुट्ट चिखल दिसू लागतो आणि सडक्या अंड्यासारखा दर्प वाऱ्याबरोबर येतो. अशा वेळी नाकाला रुमाल लावून ‘काय जंतू असतील यात!’ असा शेरा मारणारा कोणी ना कोणी त्यांत निघतोच. शेरा खरा आहे. चिमूटभर चिखलात ते कोट्यवधींनी आहेत. त्यामागचा निवाडा मात्र खोटा आहे. हाच निवाडा साबण आणि फरशी पुसण्याची द्रावणे विकणाऱ्यांनी ‘९९.९ टक्के जंतूंचा नायनाट’ या फर्मानाच्या रूपाने घरोघर पोहोचवला असून, त्याच दुकानात शेजारच्या फळीवर ‘चांगल्या जंतूंच्या’ बाटल्या मांडून दुसरा व्यापारी त्याच अज्ञानाचा उलट्या बाजूने फायदा उठवीत आहे. जंतू वाईट की चांगला, हा प्रश्नच मुळात विज्ञानाचा नव्हे; कोणता जंतू, कोठे, काय करतो, एवढेच विज्ञान विचारते. असे असता, या सरसकट वैराचे पितृत्व पाश्चर आणि कॉख यांच्या माथी मारले जाते, हे मला सर्वाधिक खटकते.

लेव्हेनहुकने सतराव्या शतकात आपल्या भिंगातून पाहिलेले सूक्ष्म जीव, पाश्चरने किण्वनाचा आणि नासण्याचा लावलेला उलगडा, कॉखने १८८२ साली दाखवून दिलेला क्षयाचा जंतू, ही सारी कथा शालेय पुस्तकांतून वाचकांना परिचित आहे, म्हणून तिची उजळणी करीत नाही. या कथेत जो खरा वाद झाला, तो मात्र पुस्तकांत एका ओळीतही सापडत नाही.

वाद असा होता. १८७७ च्या सुमारास कार्ल नेगेली या मातबर वनस्पतिशास्त्रज्ञाचे मत असे, की जंतूंच्या ठाम जाती नाहीतच. परिस्थिती पालटली की एक जंतू दुसऱ्याचे रूप आणि गुण धारण करतो, आज दूध नासवणारा उद्या मनुष्याला मारू शकतो. त्याचा शिष्य हान्स बुखनर याने तर वाळल्या गवतावरील निरुपद्रवी जंतूपासून काळपुळीचा जंतू घडवल्याचा दावाही केला. त्यांच्या विरुद्ध पक्षात ब्रेस्लाउचा फर्डिनांड कोन होता, आणि ज्याच्या काळपुळीवरील प्रयोगांना १८७६ मध्ये याच कोनने उचलून धरले, तो खेड्यातला डॉक्टर रॉबर्ट कॉख होता. कॉखने घट्ट माध्यमावर एकेका जंतूची निर्भेळ वाढ करण्याची रीत बसवली आणि तिच्या आधारे हे प्रस्थापित केले, की प्रत्येक जातीचा स्वभाव ठरलेला असतो आणि विशिष्ट रोग विशिष्ट जंतूच घडवतो.

या निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. नेगेलीचे म्हणणे खरे ठरते, तर दिसेल तो जंतू मारणे हे शहाणपण झाले असते, कारण त्यांपैकी कोणता केव्हा उलटेल याचा भरवसा उरला नसता. कॉख जिंकला म्हणून इतर सर्व जंतू निर्दोष सुटले. ज्याला आपण रोगजंतूंचा सिद्धान्त म्हणतो, तो वस्तुतः जंतूंच्या विविधतेचा सिद्धान्त आहे. आणि आजची जाहिरात कॉखचे नाव घेऊन नेगेलीचा हरलेला दावा पुन्हा चालवीत आहे.

ही गफलत केवळ दुकानदारांची नाही, ती राज्यकर्त्यांनीही केली, आणि तिची किंमत महाराष्ट्राने मोजली. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. १८९६ साली साथ मुंबईत आली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने सोजिरांनी घरे धुंडाळली, सामानसुमान जाळले, भिंतींना व जमिनींना जंतुनाशके फासली. जंतूचे नाव नवे असले, तरी दृष्टी जुन्याच दूषित हवेच्या कल्पनेची होती: जेथे अस्वच्छता आणि दाटी, तेथे रोग, म्हणून सबंध घरच मुद्देमाल. जंतूचा प्रवास उंदराच्या पिसवेतून होतो, हे सिमाँने १८९८ मध्ये कराचीत ताडले आणि परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन प्रभृतींच्या कामाने पुढे त्याची रुजुवात झाली. पण तोवर रँडचा खून होऊन त्या खुनापायी सबंध पुण्यावर जादा पोलिसांचा खर्चही लादला गेला होता. एकाच्या अपराधाबद्दल सर्वांना दंड, हा न्याय त्या सरकारने जंतूंना आणि रयतेला सारखाच लावला.

जंतूंच्या अभ्यासाची दुसरी वाट रुग्णालयाकडे न जाता चिखलाकडे गेली, आणि ती अधिक थोर होती असे माझे मत आहे. विनोग्रॅड्स्कीने १८८७ मध्ये गंधकाच्या संयुगांवर जगणारे जंतू ओळखले. बायजेरिंकने १८९५ मध्ये सल्फेटाचा श्वास घेणारे जंतू वेगळे काढले. आगरदांड्याच्या चिखलात बोट खुपसून पाहिले, की या दोघांचे संशोधन प्रत्यक्ष हाती लागते. वरचा पातळ थर तपकिरी असतो, कारण तेथे हवा पोहोचते. त्याखाली प्राणवायू संपतो आणि सल्फेटावर जगणाऱ्यांचा अंमल सुरू होतो. गळलेल्या पानांचे आणि मेलेल्या जिवांचे सत्त्व ते जिरवतात आणि गंधकाचा तो दर्पयुक्त वायू सोडतात. तो गाळातील लोहाशी संयोग पावला की काळा रंग येतो. तोच काळा गोळा हवेत उघडा ठेवला, तर काही वेळाने त्याचे काळेपण फिकट होऊ लागते. जगभरच्या किनाऱ्यांच्या गाळात सेंद्रिय द्रव्याचा जो निचरा होतो, त्याचा सुमारे निम्मा भार हे सल्फेटजीवी वाहतात असा अंदाज आहे. त्यांच्या वरच्या थरांत त्यांचाच वायू खाऊन जगणारे दुसरे जंतू असतात, आणि अशा कुजवलेल्या पाचोळ्यावर कोळंबीची पिल्ले व चिंबोऱ्या पोसतात. कोळणीच्या पाटीतील मासळीचा हिशेब मांडायला बसलो, तर तो या दुर्गंधीपाशीच येऊन ठेपतो.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९७७ मध्ये कार्ल वूज याने, रूप पाहून न ओळखू येणारी जंतूंची एक वेगळीच शाखा त्यांच्या रेणूंवरून उघड केली. तिच्यात चिखलातून मिथेन निर्माण करणारे आहेत आणि तीव्र खारटपणात फोफावणारेही आहेत. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासात या लवणप्रिय जिवांचाच हात दिसला. पाणी आटून क्षार वाढल्याबरोबर त्यांचे दिवस आले, इतकेच. अनर्थ किंवा चमत्कार यांपैकी काहीही घडले नव्हते.

पाण्यात क्लोरीन घालणे आणि जेवणापूर्वी हात धुणे हे सोडून द्या, असे कोणी यावरून समजू नये; पटकी अजून संपलेली नाही. ती उपाययोजना कॉखच्या न्यायाचीच आहे: अपराधी ठरलेला, त्याची वाट ठाऊक असलेली, म्हणून त्या वाटेवरच चौकी. जंतुनाशक द्रव्ये मिसळलेल्या घरगुती साबणांची गोष्ट निराळी. साध्या साबणापाण्यापेक्षा ते अधिक उपकारक असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यांना त्या साबणांतून मनाई केली. तेव्हा दुकानदाराने ९९.९ टक्क्यांचा हवाला दिला, तर वाचकांनी त्याला एवढेच विचारावे, की यांतल्या कोणत्या जंतूवर कोणता आरोप सिद्ध झाला आहे. आणि उत्तर मिळाले नाही, तर साधा साबण घेऊन घरी यावे.