वेडाला वळण

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातील गाव श्रीगोंदा तालुक्यातील, भीमाकाठचे मानले जाते. परभणीजवळच्या त्याच नावाच्या गावातील तरुणाने मात्र व्हिडिओ गेमचे वेड पांघरण्यापेक्षा त्याला वळण लावणे अधिक हिताचे आहे. उदाहरणार्थ, पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या खेळात, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा छायाबाहुल्यांतून, म्हणजे दिव्यासमोर हलणाऱ्या आकृत्यांच्या सावल्यांतून, उलगडत जाते. अशा कथेचे प्रसंग आणि संवाद खेळाच्या ओघात गुंफणे, म्हणजेच कथनरचना, हे मोबदला मिळवून देणारे लेखनकर्म आहे. त्या वाटेवरचे पहिले पाऊल म्हणून, खेळताना आपण कोठे आणि का अडखळलो, हे जो वहीत नेमकेपणाने टिपतो, त्याचा छंद हळूहळू व्यासंगाचे रूप घेतो.