आधी विमानं मोजायची

वॉर थंडर हा लढाऊ विमानांचा खेळ खेळताना ओंकारचं लक्ष आकाशापेक्षा आकड्यांवर जास्त असायचं. शत्रूच्या विमानाला गोळी लागली की पडद्यावर आकडा उमटतो. मोठं नुकसान झालं तर आकडा मोठा, विमान पाडलं तर त्याहून मोठा. बक्षीस दोन तऱ्हेचं: सिल्व्हर लायन नावाची नाणी आणि रिसर्च पॉइंट. पॉइंट साठले की पुढचं विमान खुलं होतं, नाण्यांनी ते विकत घ्यायचं. ओंकारला स्पिटफायरचं तोफा असलेलं पुढचं मॉडेल हवं होतं आणि त्यासाठी रात्री जेवण झाल्यावर तो जो बसायचा, तो आईने दोनदा हाका मारल्याशिवाय उठत नसे.

देणारा ज्याला भाव देतो, तेच माणूस आणून देऊ लागतो. गोळी लागण्याला भाव आहे म्हटल्यावर ओंकार आठशे मीटरवरूनच ट्रिगर दाबून धरायचा. लागली तर लागली. सांगलीचा मंदार त्याच्या जोडीने उडायचा. मंदारने एखादं विमान जेरीला आणून खाली ढकललं की शेवटची फैर ओंकार झाडायचा आणि किल आपल्या नावावर लावून घ्यायचा. खेळाडू याला ‘केएस’ म्हणतात आणि हे काही कौतुकाने म्हणत नाहीत. मंदार मात्र कधी बोलला नाही. असिस्टचे थोडे पॉइंट त्याला मिळायचे, तेवढ्यावर तो गप्प राहायचा.

ओंकारचे आबा हवाई दलात आर्मामेंट फिटर होते. विमानाच्या तोफा, दारूगोळा, रॉकेटं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ओझरला एचएएलमध्ये लागले आणि तिथलेच झाले. नातवाच्या खेळाकडे ते फारसं बघत नसत. एका संध्याकाळी मात्र ओंकार आदल्या रात्रीच्या लढाईचा रिप्ले पाहत असताना ते चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. सगळा रिप्ले संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, “उतरलास तेव्हा गोळ्या किती उरल्या होत्या?”

“उतरलो कुठे आबा, पडलो मी.”

“आणि तुझ्याबरोबरचा?”

“तो आधीच पडला. पण मला दोन किल मिळाले.”

आबांनी खुर्ची ओढली. “पुन्हा लाव. अगदी सुरुवातीपासून.”

पहिल्या फैरीपाशी त्यांनी रिप्ले थांबवायला लावला आणि अंतर विचारलं. आठशे मीटर. मग वहीचं मागचं पान घेऊन ओंकारकडूनच गणित करून घेतलं. समोरून आडवं जाणारं मेसरश्मिट ताशी चारशे किलोमीटरने उडतंय, म्हणजे सेकंदाला साधारण १११ मीटर. आठशे मीटर कापायला रायफलच्या मापाच्या त्या गोळीला सव्वा-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ते विमान दीडशे मीटर पुढे गेलेलं असतं आणि गोळी कित्येक मीटर खाली आलेली असते. हेच अंतर तीनशेवर आणलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत काम होतं. तरीसुद्धा विमानाच्या चाळीस-पन्नास मीटर पुढे नेम धरावा लागतो. मेसरश्मिट १०९ ची लांबी नऊ मीटर, म्हणजे त्याच्या पुढे पाच विमानांएवढी मोकळी जागा सोडून.

“अर्जुनाचा पोपट फांदीवर बसलेला होता,” आबा म्हणाले. “तुझा उडतोय. डोळा दिसतोय तिथे मारून भागत नाही.”

ओंकार आधी आर्केड प्रकारात खेळायचा. तिथे शत्रूच्या पुढे कुठे नेम धरायचा तो गोल खेळच काढून देतो. रिअलिस्टिकमध्ये तो गोल नसतो, अंदाज स्वतः बांधावा लागतो. ओंकारने तो कधी बांधलाच नव्हता; गोळ्यांची धार सोडायची आणि तिच्यात कोणीतरी सापडेल अशी आशा करायची, इतकंच.

आबांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्पिटफायरच्या आठ मशीनगन दोन्ही पंखांत विखुरलेल्या. त्यांच्या नळ्या किंचित आत वळवून गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र येतील अशा बसवतात. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने हे अंतर आधी ४०० यार्ड ठेवलं होतं. सेलर मलानसारख्या मुरलेल्या वैमानिकांनी ते २५० यार्डांवर आणलं, कारण जवळ जाऊन मारलं तरच विमान पडतं हे त्यांना लढून कळलं होतं. त्या विमानात दर मशीनगनला ३०० गोळ्या. बोट दाबून धरलं तर पंधराएक सेकंदांत सगळा खेळ खलास. “वॉर थंडरमध्येही हे अंतर बदलता येतं,” ओंकार म्हणाला. त्याने सेटिंग उघडलं. आजवर त्याला हातही लावलेला नव्हता.

“आम्ही हंटर जॅकवर चढवायचो,” आबा सांगू लागले. “समोर फळा लावायचा आणि चारही तोफांचा नेम एकेक करून जुळवायचा. इथे सुताएवढं चुकलं की तिकडे हातभर चुकतं. या चार तोफांचा अख्खा पॅक विमानाच्या पोटातून खाली उतरवता यायचा. रिकामा काढला की भरलेला वर चढवायचा, विमान काही मिनिटांत परत तयार.”

डिसेंबर १९७१ मध्ये आबा जैसलमेरला होते. ५ तारखेला उजाडताच तिथून हंटर लोंगेवालाच्या दिशेने उडाली आणि पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडली. दिवसभर फेऱ्या चालू होत्या. विमान उतरलं की पॅक खाली, नवा पॅक वर, रॉकेटं पंखाखाली, इंधन, पुन्हा उड्डाण. ही लढाई पुस्तकांत रणगाड्यांच्या आकड्यांनी सांगितली जाते. आबांनी ती वेगळी सांगितली.

“वैमानिक बोटांनी आकडा दाखवायचे, किती रणगाडे पेटवले ते. आम्हालाही आनंद व्हायचा, का होणार नाही? पण आवाज आला की आमची सगळ्यांची मान वर. किती गेली होती, किती परत येतायत. आम्ही आधी विमानं मोजायचो, मग रणगाडे. तुला पडल्यावर दुसरं विमान मिळतं. आम्हाला ना विमान मिळालं असतं, ना माणूस.”

ओंकार त्यावर काही बोलला नाही. रात्री त्याने नेमाचं अंतर तीनशे मीटरवर आणून ठेवलं.

पुढच्या लढाईत समोर एक ज्युंकर्स ८८ आयतं मिळालं. एक इंजिन पेटलेलं, मागचा तोफची गप्प, सरळ रेषेत घरी निघालेलं बाँबर. एक फैर, एक किल, आणि हव्या त्या विमानाला लागणारे पॉइंट बहुतेक त्यातच पुरे झाले असते. इतक्यात हेडफोनमध्ये मंदारचा आवाज आला, “सिक्सवर आहे माझ्या. वळायला वेग नाहीये.”

ओंकारने ज्युंकर्सकडे एकदा पाहिलं आणि स्पिटफायर पंखावर उभं केलं. मेसरश्मिट मंदारच्या मागे चिकटलेलं होतं. पहिली फैर त्याच्या नाकापुढून गेली, पण ट्रेसरच्या रेघा दिसताच शत्रू बिचकला आणि वर खेचला. त्यात त्याचा वेग गेला. ओंकार थांबला. काच विमानाने भरत आली, पंखावरची चिन्हं वाचता येऊ लागली, तरी बोट ट्रिगरवर नुसतं टेकलेलं. मग त्या विमानाच्या पुढच्या रिकाम्या जागेत त्याने सेकंदभराची फैर सोडली. मेसरश्मिटच्या पंखाचे तुकडे उडाले, पांढऱ्या वाफेची शेपटी सोडत ते खाली निघालं. त्याच्या मागे जाण्याइतक्या गोळ्या ओंकारकडे उरल्या होत्या. तो गेला नाही. मंदारचं विमान भोकांनी भरलं होतं. ओंकार त्याच्या मागे-वर राहून धावपट्टीपर्यंत त्याच्यासोबत आला. आधी मंदार उतरला, मग तो.

मेसरश्मिट दुसऱ्याच कोणी संपवलं, ज्युंकर्सही. ओंकारच्या नावावर काही हिट आणि एक असिस्ट लागला. शत्रू पडला तर त्याची नोंद होते. तो नुसता मित्राच्या मागून हटला, तर हिशेबात काहीच येत नाही. नवं विमान त्या रात्री खुलं झालं नाही.

“ज्युंकर्स सोडलंस तू?” मंदारने विचारलं. त्याचा विश्वास बसत नव्हता.

“हो. विमान दुरुस्त झालं का तुझं? चल, लगेच निघू. आणि ऐक, तू पाडत असशील ते तूच पाड. मी वर थांबतो.”

दुसऱ्या दिवशी आबांनी मागितला नसतानाही त्याने रिप्ले लावला. आबांनी तो सगळा पाहिला, दोन्ही स्पिटफायर उतरेपर्यंत. मग चष्मा पुसत म्हणाले, “पहिली फैर साडेचारशेवर सोडलीस. घाई झाली. तीनशेच्या आत ये.”