अल्कोहोल: जखमेवर की ओठांस?

(आधारवचन: लूक १०:३४-३५)



खेड्यातील एखादा भाऊ विचारितो, "पाळकसाहेब, सुई टोचण्यापूर्वी नर्सबाई दंडास लावितात तेही अल्कोहोलच ना? मग ते प्यालो तर दोष कोणता?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, त्याचे नीट उत्तर द्यावे.

प्रथम शब्द पाहू. हा मूळचा अरबी शब्द होय. 'कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालावयाचा बारीक सुरमा. पुढे युरोपातील रसायनवेत्ते पदार्थाच्या सूक्ष्म चूर्णास व मग त्याच्या अर्कास हेच नाव देऊ लागले, आणि शेवटी ते मद्यार्कास चिकटले.

आज हे एका कुळाचे नाव आहे. दारूत असते ते एथिल अल्कोहोल. त्याचे शंभरांत सुमारे ७० भाग व बाकी पाणी, असे मिश्रण जंतू मारिते. २०२० च्या साथीत पुष्कळांनी हातांस चोळिले ते असलेच. सुतार त्यात लाख विरघळवून लाकडास झिलई देतो. ह्यात दोष नाही. आपल्या सातपुड्यातील मोहाचे फूलही तसेच. ते वाळवून खाल्ले तर अन्न होते. आंबवून भट्टीवर चढविले म्हणजे त्याचीच दारू होते.

त्याच कुळातील मिथिल अल्कोहोल दिसण्यात वेगळे ओळखू येत नाही. परंतु ते पोटात गेले असता दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे असल्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. पाहा, नाव डोळ्यांस शोभविणाऱ्या सुरम्याचे, आणि करणी डोळे हिरावून घेण्याची!

आता त्या शोमरोन्याकडे पाहा. त्याच्याजवळ द्राक्षारस होता. तो त्याने वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर ओतिला. आणि दोन दिनार, म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी, त्याच्या शुश्रूषेकरिता दिली. त्या भावाच्या प्रश्नाचे हेच उत्तर. वस्तू एकच, ती कोणाकरिता व कोठे ओतिली, ह्यावरून न्याय होतो. बंधो, बाजारच्या दिवशी तुझी दोन दिवसांची मजुरी कोठे जाते? लेकराच्या पाटीपुस्तकास, की गुत्त्यावर?

तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी १९३८ च्या सुमारास भिल्ल बांधवांस दारू सोडण्याचा उपदेश केला, व पुष्कळांनी तो मानिला. ते आपल्या मंडळीतील नव्हते. मग ज्यांस सुवार्ता मिळाली त्या आपण मागे राहावे काय?

प्रचारक बंधूंनो, एक विनंती. पिणाऱ्याचा धिक्कार करून पुढे जाऊ नका. वाटेच्या कडेने निघून गेलेल्या त्या याजकाने तरी दुसरे काय केले? पिणारा हाही वाटेत पडलेलाच माणूस आहे. मात्र जो वर्षानुवर्षे रोज पितो, त्यास एकाएकी बंद करावयास लावून घरी कोंडू नका. हातपाय कापतात, झटके येतात, क्वचित जीवही जातो. त्यास दवाखान्यात न्या, त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या घरी चूल पेटली की नाही हे पाहा.

प्रभू आपले हात जखमा बांधण्याकरिता सिद्ध करो. आमेन.