तिसरी प्लेट

दर मार्चमध्ये आमच्या कंपनीत एक फॉर्म येतो. पूर्वी कागदावर यायचा, आता मोबाइलवर येतो. त्यात एक रकाना असतो : ‘या वर्षात आपण काय शिकलात?’ त्याखाली स्वतःला गुण द्यायचे, एक ते पाच. भोसरीत मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली शेवटची सहा पोरांना शिकवण्यात. हा रकाना भरायला मला आजवर दोन मिनिटं लागायची. ‘नवीन मशीनची ओळख झाली’ असं काहीतरी टाकायचं आणि चार गुण द्यायचे. पाच दिले तर साहेब हसतात, तीन दिले तर इन्क्रिमेंट रुसतं. यंदा फॉर्म आठ दिवस तसाच पडलाय.

कारण आहे साठ पिना.

दिवाळीनंतर आम्ही एका गिऱ्हाइकाला लोकेटिंग पिना करून दिल्या. बारा मिलिमीटर जाडीच्या, सूट अकरा मायक्रॉन, तीही फक्त खालच्या बाजूला. म्हणजे बाराच्या वर एक मायक्रॉनही चालणार नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉनचा भरतो. लॉट परत आला. शेरा होता, पिना भोकात जात नाहीत. मी मोजल्या : ११.९९५. माझ्या हाताखालच्या पोरानं मोजल्या : ११.९९५. मी साहेबांना ठणकावून सांगितलं, त्यांचं भोक लहान आहे, दोघांनी मोजलंय.

क्वालिटीत एक मुलगी आहे, लातूरकडची, डिप्लोमा करून आलेली. लागून आठ महिने झालेत. तिनं पिना मोजल्या आणि म्हणाली, “सर, बारा पॉइंट शून्य शून्य सात येतंय.” मी तिच्या हातातून मायक्रोमीटर घेतला, मोजलं, तिच्यापुढे धरलं. ११.९९५. ती बराच वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, “सर, तुम्ही रॅचेट नाही वापरत.”

ज्यांनी मायक्रोमीटर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या शेपटीला एक छोटी मूठ असते, तिला रॅचेट म्हणतात. ती फिरवली की ठराविक दाब आला की कट-कट वाजते आणि पुढे दाबतच नाही. तुमच्या बोटात किती जोर आहे याचा मोजमापाशी संबंध राहू नये, एवढ्यासाठीच ती असते. ती सोडून सरळ थिंबल, म्हणजे आकडे कोरलेली फिरती नळी, पिळलं तर जबडा जॉबला आवळून धरतो, फ्रेम किंचित ताणते आणि माप आहे त्यापेक्षा कमी दिसतं. हे मीच दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी फळ्यावर काढून दाखवतो. आणि गंमत अशी की सकाळी झीरो बघताना मी रॅचेटच वापरायचो, अगदी न चुकता. जॉब मोजताना मात्र थिंबल पिळायचो. सकाळची पूजा सोवळ्यात आणि दुकान उघडलं की तराजूला अंगठा, असला प्रकार. हे कधी सुरू झालं, किती वर्षं चाललं, मला माहीत नाही. पोरगा माझ्या शेजारी तीन वर्षं उभा होता. त्यानं फळ्यावरचं घेतलं नाही, हातातलं घेतलं.

तोटा तसा मोठा झाला नाही. पिना पुन्हा ग्राइंड करून दिल्या. पण आमच्या शॉपच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता आहे. प्रत्येकाच्या नावापुढे गोल, गोलाचे चार भाग. पाव गोल काळा म्हणजे शिकतोय. अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो. पाऊण म्हणजे एकट्यानं करतो. पूर्ण काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ‘मोजमाप’ या रकान्यात माझा गोल बारा-तेरा वर्षं पूर्ण काळा आहे. त्या दिवशी घरी जाताना मी त्या गोलासमोर उभा राहिलो, आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला की आपल्याला येतं हे आपल्याला कसं कळतं?

माझं आजोळ तेरजवळ. गोरोबाकाकांचं तेर. आजी त्यांची जी गोष्ट सांगायची ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संतमंडळी गोरोबांकडे जमली. मुक्ताबाई म्हणाल्या, काका, यात पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं, बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले, विठ्ठलानं विसोबा खेचरांकडे पाठवलं, आणि औंढ्याला पिंडीवर पाय टाकून पडलेला तो म्हातारा त्यांना भेटला.

लहानपणी या गोष्टीत मला नामदेवांची फजिती आवडायची. कारखान्यात आल्यावर वेगळंच दिसायला लागलं. आजोळी कुंभाराच्या अंगणात मी तासन् तास बसलेलो आहे. थापटणं हे पक्क्या मडक्याचं हत्यारच नाही. चाकावरून उतरलेलं, अजून ओलसर असलेलं मडकं आतून गोट्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्यानं चोपतात, त्यानं ते वाढतं, पातळ होतं, त्याला पोट येतं. भाजलेलं मडकं तपासायचं तर बोटाच्या पेरानं टिचकी मारतात आणि नाद ऐकतात. भाजलेल्यावर थापटणं चालवलं तर खापऱ्या होतील. मग गोरोबांसारख्या जन्मजात कुंभारानं थापटणं का उचललं असेल? मला वाटतं, त्यांना तपासायचं नव्हतंच, घडवायचं होतं. आणि त्या अख्ख्या मंडळीत थापटण्याचा उपयोग झाला तो एकट्या नामदेवांना. बाकीचे जसे आले तसे उठून गेले. नामदेव उठले ते औंढ्याला गेले, आणि पुढे पार पंजाबात. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. ज्याच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठ्ठलानं खाल्ला असं लोक सांगतात, त्याचा गोल पूर्ण काळाच असणार की. हा अर्थ माझा, कीर्तनकारांना तो पटेलच असं नाही.

पण एक शंका आजीलाही विचारली होती आणि तिनं पाठीत धपाटा घातला होता : गोरोबांचं डोकं कुणी वाजवून बघितलं?

शंका पोरकट नाही. आमच्या धंद्यात तिच्यावर पोट चालतं. माझा मायक्रोमीटर बरोबर कशावरून? स्लिप गेजवरून. स्लिप गेज बरोबर कशावरून? कॅलिब्रेशन लॅबच्या सर्टिफिकेटवरून. त्या लॅबची मापं दुसऱ्या मोठ्या लॅबकडून, आणि अशी साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिच्याही वर मीटरची व्याख्या आहे. १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाशानं एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात कापलेलं अंतर. ही झाली गुरुपरंपरा. वरचा पक्का म्हणून खालचा पक्का. चांगली सोय आहे, तिच्याशिवाय धंदा चालणार नाही. पण साखळी सगळी शाबूत असताना माझ्या पिना चुकल्या. मायक्रोमीटरचं सर्टिफिकेट त्या दिवशीही चालू होतं.

दुसरी एक रीत आहे, ती जुन्या मिस्त्रींनी मला शिकवली. सपाट प्लेट करायची आहे आणि जवळ सपाट असं काहीच नाही, ना पट्टी, ना मास्टर. काय कराल? दोन ओबडधोबड प्लेटा घ्या, एकीला निळा रंग पुसा, दुसरीवर घासा. जिथे उंचवटा तिथे निळं लागतं. ते स्क्रेपरनं खरवडा. पुन्हा घासा. दोन्ही एकमेकींना अंगभर लागेपर्यंत करा. झाल्या सपाट?

नाही झाल्या. एक घुमटासारखी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. दोघी एकमेकींवर गच्च बसतील, अंगभर निळं दाखवतील, आणि दोघीही वाकड्या असतील. त्यांना ते कधीच कळणार नाही. म्हणून तिसरी लागते. अ ही ब शी जुळवा, ब ही क शी जुळवा, मग क आणि अ समोरासमोर आणा. अ फुगीर होती, तर ब शी जुळून क पण फुगीर झालेली असते. आता दोन घुमट एकमेकांवर ठेवल्यासारखं निळं फक्त मधोमध लागतं. पोल उघडी. खरवडत, जोड्या बदलत, अधूनमधून प्लेट काटकोनात फिरवत राहिलं (नाहीतर पीळ तसाच राहतो) तर तिन्ही प्लेटा सपाट होतात. मास्टरशिवाय. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं १८४० मध्ये यावर निबंध वाचला. त्याची प्लेट सपाट कशावरून, असं विचारायची सोयच नाही, कारण तीन वाकड्यांनीच एकमेकींना सरळ केलेलं असतं.

मी आणि माझा पोरगा, आम्ही अ आणि ब होतो. ११.९९५ आणि ११.९९५. ‘दोघांनी मोजलंय’ हे मी पुरावा म्हणून सांगत होतो. ती लातूरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली कारागीर नाही. कानस मारताना तिचा हात अजून डोलतो. तिचा गुण एवढाच की ती माझ्याकडे शिकलेली नव्हती.

एकोणीस वर्षांचा असताना आईबरोबर एकदा वारीला चाललो होतो. मुक्कामाला एक सत्तरीचे बाबा आले आणि माझ्या पाया पडले. मी टुणकन मागे सरलो. आई म्हणाली, “मागं काय सरतोस, तू पण पड की.” वारीत हे सगळेच करतात, लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्या. मी ते रीतभात म्हणून धरलं होतं. आता वाटतं, ही साखळीपेक्षा वेगळी मांडणी असावी. कोण वर, कोण खाली हे ठरवायचंच नाही, सगळ्यांनी सगळ्यांना घासून जायचं.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय ते सांगितलंय, आणि ज्ञानेश्वरीत माउलींनी तो भाग ऐसपैस उलगडलाय. निवृत्तीनंतर वाचू म्हणून ठेवलेली प्रत या हिवाळ्यातच काढली. मला वाटलं होतं, ब्रह्म, आत्मा असली काहीतरी जाणायच्या गोष्टींची यादी असेल. यादी सुरू होते अमानित्वापासून. मोठेपणा न मिरवणं. मग अदंभ, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरूची सेवा, शुचिता, स्थैर्य. जवळपास सगळी यादी माणूस कसा आहे याची. त्याला काय काय येतं याची नाहीच. हे गोलात कसं भरणार? आणि पहिल्याच कलमाला स्वतःचे गुण कसे देणार? अमानित्व : पाच पैकी पाच, असं लिहिलं की शून्य झाले. तीन लिहिले तर ते तीन जपून, जरा विनयानं लिहिले म्हणून अडीच. माझ्यापुरतं सांगायचं तर फॉर्म आठ दिवस अडलाय तो इथे.

मध्ये एक उपाय केला. तक्त्यावरचा माझा पाव गोल खोडरबरानं पुसला. दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, काका, असं चालत नाही, ऑडिट आहे. ‘मोजमापा’त पूर्ण गोलाचा माणूसच नसेल तर शिकवायचा अधिकार कुणाला, असा प्रश्न येईल. त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी स्वतः पेननं गोल भरला. पेननं.

ट्रेनिंग रूममध्ये फूटभर लांबीच्या तीन बिडाच्या प्लेटा पडून होत्या, गंजलेल्या. त्या काढल्या. एक पोराला दिली, एक त्या मुलीला, एक मी घेतली. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं खरवडतो. तीन आठवडे झाले. माझी आणि पोराची छान जुळली आहे, अंगभर निळी. काल तिची माझ्यावर ठेवली. निळं मधोमध, रुपयाएवढं.