हिशेब कुणी करायचा?

जुगारात हरला की म्हणतात, नशीब फुटकं. पण अड्डेवाला कधी नशिबावर बसतो?

अमेरिकन रूलेटच्या चाकात घरं ३८. सगळ्यांवर एकेक डॉलर लावा, परत येतात ३६. दोन मालकाचे. ह्याला धंदा म्हणतात.

एडवर्ड थॉर्प हा गणिताचा मास्तर. ब्लॅकजॅकमध्ये वाटून गेलेली पानं मोजून त्यानं उलटा हिशेब मांडला. १९६२ साली पुस्तक लिहून सगळ्यांना सांगितला. १९६४ साली लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियमच बदलले! गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा गुमान मागं घेतले.

मालकानं मोजलं तर धंदा, खेळणाऱ्यानं मोजलं तर लबाडी. ही कुठली नीती?

जुगार खेळा, असं मी म्हणत नाही. कुणी नशीब दाखवलं, तर एवढंच विचारा : चाक कुणाचं?