खोक्यावरचं चित्र पुरे झालं

बसू नका, उभेच राहा. प्रदर्शनाच्या टेबलावर तुम्ही मांडलेली रणगाड्यांची मॉडेलं मी भिंग घेऊन एकेक करून पाहिली आहेत. पालकांनी फोटो काढले, पाहुण्यांनी पाठ थोपटली, सगळे घरी गेले. आता माझं ऐका, आणि ते गोड लागणार नाही.

आधी हातकामाचं बोलतो. तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची येते. ते भाग चिकटवले, पॉलिश पेपर न फिरवताच वर रंग मारला. रंगाने सांधा झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. डेकलच्या कडांना चंदेरी झाक आली आहे, कारण खालचा रंग खरखरीत राहिला. आधी चकचकीत वार्निशचा हात द्यायचा असतो हे तुम्हाला शिकवलेलं आहे. पारदर्शक भागांवर फेविक्विकची पांढरी वाफ बसली आहे. एकाने अँटेना म्हणून जी तार लावली आहे ती दोन मिलिमीटर जाड आहे. मॉडेल एक-पस्तीसचं आहे, पस्तीसपट करून बघ रे, किती झाली? सात सेंटिमीटर. रणगाड्यावर पाण्याचा पाइप उभा केलास तू! पण हात बसायला वेळ लागतो, हे मला कळतं. त्यासाठी मी कोणाला उभं केलेलं नाही.

उभं केलंय ते न बघता केल्याबद्दल.

हा सेंच्युरियन कोणाचा? पुढे चिठ्ठी लावली आहे: पूना हॉर्स, बसंतर, १९७१. आणि चाकांपासून बुरुजापर्यंत पिवळी वाळू फासली आहे, जैसलमेरला उभा असल्यासारखी. बसंतर ही नदी आहे. रावीची उपनदी, शकरगडच्या भागातली. पाकिस्तानशी झालेल्या त्या युद्धात, डिसेंबरच्या थंडीत, रात्रीच्या अंधारात, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पूना हॉर्स रेजिमेंटचे रणगाडे पलीकडे गेले. तिथे वाळवंट कुठून आलं? खोक्यावरच्या चित्रात वाळू होती, म्हणून तू वाळू लावलीस. खोक्यावरचा सेंच्युरियन दुसऱ्याच देशाच्या सैन्याचा होता, हे खालच्या ओळीत छापलेलं असूनही तू वाचलं नाहीस.

आणि त्या रणगाड्यात कोण होतं, हे विचारल्यावर तू माझ्याकडे बघत राहिलास. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. सैन्यात अधिकारी होऊन सहा महिने झाले होते. १६ डिसेंबरला त्यांचा रणगाडा पेटला, मागे फिरायला सांगितलं गेलं, तेव्हा तोफ अजून चालते आहे एवढं वायरलेसवर कळवून ते तिथेच लढत राहिले. वय एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता. तो नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. तुमच्या घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर. आणि तू जपानमध्ये छापलेल्या खोक्याकडे बघून रंग ठरवलास.

त्याच पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर, शाळा पुण्यातली. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात फिलौराच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे जायला नकार दिला आणि पुढचे पाच दिवस रेजिमेंट लढवत १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नोंद आहे की रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे उडवले आणि स्वतःचे नऊ गमावले. ते रणगाडेही सेंच्युरियनच. पुणे जिल्ह्यात राहून सेंच्युरियन करणाऱ्या पोराला ही दोन नावं झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत.

आता हा टायगर. एक नाही, ओळीने मांडलेत. एकावर तर मागच्या इंजिनाच्या झाकणावर नाझींचा झेंडा पसरला आहे, काळजीपूर्वक घड्या पाडून. सगळ्या टेबलावर सर्वांत नीट केलेलं काम कुठलं असेल तर हे, आणि म्हणून मला जास्त राग आला. विचारलं तर म्हणता, "सर, टायगर लय भारी दिसतो." भारी आहेच. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची तोफ, पन्नास टनांच्या वर वजन. पण त्या झेंड्याखाली सुमारे साठ लाख ज्यू माणसं मारली गेली, हे नववी-दहावीच्या मुलांना मी सांगायचं? टायगर करा. इतिहासातलं वाहन आहे, कोणी अडवत नाही. झेंडा मिरवू नका, आणि त्याच्या समोर कोण उभं होतं तेही शोधा.

मी सांगतो कोण होतं. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांच्या तुकडीची मशीनगनने चाळण झाली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित आणलं. मग एकट्याने जर्मन मशीनगनची ठाणी उडवली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बवर काम निभावलं. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या लोकांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठा रेजिमेंटची घोषणा कोणाच्या नावाची आहे, हे शिवनेरीच्या पायथ्याच्या पोरांना मी सांगावं लागू नये. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला हा माणूस टेबलावर कुठे आहे? पाच सेंटिमीटरचा एक जवान. पावणेदोन मीटरचा माणूस पस्तिसाव्या भागात बरोबर तेवढाच होतो. तो करायला खोकं लागत नाही, दोन भागांची एपॉक्सी पुट्टी आणि तार लागते.

पॅटन केलाय कोणी? तू. स्वच्छ, पॉलिश केलेल्या फळीवर ठेवला आहेस. १९६५ साली खेमकरणच्या बाजूला, असल उत्तरला, आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले. तुझ्या बापाचा ऊस आहे ना? पाणी सोडल्यावर त्यात चाक कसं बसतं, माती कुठवर चढते, ती वाळली की रंग कसा बदलतो, हे जगातल्या कुठल्याही मॉडेलकारापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे. ते ज्ञान घरी ठेवून तू बाजारातली फळी आणलीस.

दिवाळीत तुम्हीच अंगणात शिवनेरी करता. तेव्हा शिवाईचं देऊळ शिपाई दरवाज्याच्या अलीकडे बसवलं तर शेजारचं लहान पोर हटकतं. का? कारण तुम्ही सगळे तो चढलेले आहात, सात दरवाजे पायाला पाठ आहेत. माती, गोणपाट, हळीव, एवढ्यावर केलेला तो किल्ला खरा असतो. आणि हजारोंचं किट आणलं की तुमची नजर कुठे जाते?

पैशाचंही बोलतो, कारण तो तुमचा नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव नाही म्हणून ज्या घरात तोंडं उतरतात, त्याच घरात पलंगाखाली न उघडलेली किटं पडलेली मी पाहिली आहेत. पहिलं अर्धं सोडून दुसरं मागवायचं, ही सवय आजपासून बंद. विजयंता करा. चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात बनलेला आपला रणगाडा. त्याचं किट सहज मिळत नाही, म्हणूनच करा, पुठ्ठ्याचा आणि प्लास्टिक शीटचा. आपल्या अर्जुन रणगाड्याची तोफ आखली गेली ती पुण्यात पाषाणला, एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत. तिथे तुमच्यातला कोणी उद्या काम करू शकतो. पण चाकं न मोजणाऱ्या पोराला तिथे कोण घेईल?

एक-पस्तीस हे माप काही शास्त्रातून आलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने पँथरचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तो आकार ठरला आणि पुढे तोच रूढ झाला. म्हणून खोक्यावर जे छापलंय ते देववाणी समजू नका. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे मॉडेल ९.७ सेंटिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. तुमच्यातल्या कोणी पट्टी लावून बघितली? हात वर करा. बघा, एकही नाही.

तर आता आपण नगरला जायचं. लष्कराने १९९४ मध्ये उभं केलेलं रणगाडा संग्रहालय सोलापूर रस्त्याला फराहबागेजवळ आहे. मंचर-घोडेगावकडच्यांनी नारायणगावमार्गे आळेफाटा गाठायचा, जुन्नरच्यांनीही तिथेच यायचं. पुढे कल्याण-नगर रस्त्याने बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी, आणि नगर. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, पॅटन, विजयंता, सगळं उघड्यावर उभं आहे. खरं लोखंड, ठोकलेलं, जोडलेलं, उन्हाने रंग विटलेलं. तिथे सेल्फी काढायला जात नाही आपण. प्रत्येकाने एक रणगाडा निवडायचा आणि त्याच्यासमोर तासभर बसायचं. एका बाजूला चाकं किती, त्यांच्यात अंतर सारखं की कुठे जास्त, पट्ट्याची कडी कशी जोडली आहे, वेल्डिंगचा सांधा कुठे खडबडीत आहे, सावली कुठे पडते, धूळ कुठे साचते आणि कुठे पावसाने धुऊन जाते. पेन्सिलने. रेखाटन वाकडं आलं तरी चालेल, चाकांचा आकडा चुकलेला चालणार नाही.

परत आल्यावर आधी वही दाखवायची. वही बघितल्याशिवाय मी कोणाचंही नवं मॉडेल टेबलावर ठेवू देणार नाही, वडील स्वतः घेऊन आले तरीही. वाळू लावलेला तो सेंच्युरियन उद्या घरी ने, रंग उतरव आणि हिरव्यापासून पुन्हा सुरू कर. बसा आता.